अर्जदाराचा पत्ता कोणत्या राज्यातला? मॅकबर्नी विरुद्ध यंग : एक प्रकरण अभ्यास

२००८ साली कॅलिफोर्नियातील एका व्यावसायिकाने व्हर्जिनिया राज्यातील हेनरायको काउंटीच्या करनिर्धारण कार्यालयाकडे तेथील स्थावर मालमत्तांच्या कर-नोंदी मागितल्या. त्याचा धंदाच तो होता. ठिकठिकाणच्या सरकारी कचेऱ्यांतून अशा नोंदी मिळवायच्या आणि ज्या गिऱ्हाइकांना त्या हव्या असतील त्यांना पुरवायच्या. या खेपेस काम जमिनीच्या मालकीहक्काशी संबंधित एका कंपनीने सोपवले होते. कार्यालयाने अर्ज नाकारला. नोंदी गोपनीय आहेत किंवा त्या उपलब्ध नाहीत असे कारण दिले गेले नाही. अर्जदार व्हर्जिनियाचा नागरिक नाही, एवढेच कारण होते.

ही नोंद म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजण्यासाठी आपल्याकडचा सातबारा, मिळकत पत्रिका आणि नगरपालिकेचा घरपट्टी आकारणीचा उतारा एकत्र ठेवल्याची कल्पना करावी. मालक कोण, क्षेत्र किती, बांधकाम कोणत्या वर्षीचे, मागील विक्री कधी व किती रकमेची, आणि करासाठी धरलेले मूल्य किती, हे त्यात एका जागी मिळते. महाराष्ट्रात विनास्वाक्षरीचा सातबारा कोणालाही संकेतस्थळावर फुकट पाहता येतो आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. पाहणारा साताऱ्याचा की इंदूरचा, हे कोणी विचारत नाही. हेनरायकोत नेमके तेच विचारले गेले, आणि त्या प्रश्नाचा निकाल लागायला पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

दुसऱ्या वादीची कथा अधिक घरगुती आहे. हा गृहस्थ पूर्वी व्हर्जिनियात राहत होता, पुढे ऱ्होड आयलंडमध्ये स्थायिक झाला. त्याची घटस्फोटित पत्नी मात्र व्हर्जिनियाचीच रहिवासी होती आणि मुलाच्या निर्वाहखर्चाची तिच्याकडील रक्कम थकली होती. ती वसूल करून देण्यासाठी त्याने व्हर्जिनियाच्या निर्वाहखर्च वसुली विभागाकडे अर्ज केला. विभागाच्या हातून चूक झाली, न्यायालयातला अर्ज ९ महिने उशिरा दाखल झाला, आणि निर्वाहखर्च अर्ज दाखल झाल्याच्या तारखेपासूनच मंजूर होत असल्याने मधल्या ९ महिन्यांच्या रकमेवर पाणी सोडावे लागले. हे कसे घडले आणि अशा प्रकरणांत विभागाचे धोरण काय असते, हे जाणून घेण्यासाठी त्याने ईमेल, टिपणे, अहवाल, धोरणपत्रे अशी सगळी कागदपत्रे मागितली. उत्तर तेच मिळाले. ज्या कार्यालयाच्या चुकीची झळ त्याला प्रत्यक्ष बसली होती, त्याच कार्यालयाच्या कागदांपुढे तो परका ठरला. दोघांनी मिळून दावा लावला आणि ऱ्होड आयलंडच्या या वादीच्या व वसुली विभागाच्या प्रमुखाच्या आडनावांवरून तो ‘मॅकबर्नी विरुद्ध यंग’ या नावाने ओळखला जातो.

अमेरिकेत संघराज्याचा माहिती कायदा १९६६ सालचा आहे आणि तो केवळ वॉशिंग्टनच्या केंद्रीय कार्यालयांना लागू होतो. राज्यांची कार्यालये राज्यांच्या स्वतंत्र कायद्यांखाली येतात, त्यामुळे ५० राज्यांत ५० तऱ्हा दिसतात. व्हर्जिनियाचा कायदा १९६८ सालचा. सार्वजनिक नोंदी पाहण्याचा व त्यांच्या प्रती घेण्याचा अधिकार तो तीन गटांना देतो: कॉमनवेल्थचे, म्हणजे व्हर्जिनियाचे, नागरिक, राज्यात खप असलेल्या वृत्तपत्रांचे व नियतकालिकांचे प्रतिनिधी, आणि राज्यात किंवा राज्याच्या दिशेने प्रसारण करणाऱ्या रेडिओ व दूरचित्रवाणी केंद्रांचे प्रतिनिधी. नोंदी सांभाळणारा अधिकारी अर्जदाराला नाव आणि कायदेशीर पत्ता विचारू शकतो. कायद्यातले हे छोटेसे वाक्य व्यवहारात फार मोठे काम करते, कारण नागरिकत्वाची खरी तपासणी कोणी करत नाही. पत्त्याचा रकाना पाहिला जातो आणि तेवढ्यावर अर्ज आत जातो किंवा बाहेर राहतो.

येथे एक उपप्रश्न नोंदवावासा वाटतो. अमेरिकी राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीनुसार अमेरिकेचा नागरिक ज्या राज्यात राहतो त्या राज्याचाही तो नागरिक असतो. मग उत्तर व्हर्जिनियात १० वर्षे घर करून राहिलेला, तेथे मालमत्ता कर भरणारा, पण अद्याप व्हिसावर असलेला पुण्याचा अभियंता कायद्याच्या शब्दांत कुठे बसतो? पत्त्याच्या रकान्यात तो सहज बसेल. ‘नागरिक’ या शब्दात तो बसतोच, असे मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही.

वादींनी मांडलेले मुद्दे दोन कलमांवर उभे होते. घटनेच्या चौथ्या अनुच्छेदातील विशेषाधिकार कलम सांगते की एका राज्याच्या नागरिकाला दुसऱ्या राज्यात तेथील नागरिकांसारखेच मूलभूत विशेषाधिकार मिळाले पाहिजेत. दुसरा आधार वाणिज्य कलमाचा, जे आंतरराज्य व्यापाराचे नियमन काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेकडे, सोपवते. न्यायालयांनी त्याचा असा अर्थ लावला आहे की काँग्रेस गप्प असली तरी राज्यांनी आंतरराज्य व्यापारात भेदभाव करू नये. वादींच्या बाजूने एक ताजा निवाडाही होता. डेलावेअरच्या माहिती कायद्यातही अशीच ‘राज्याचे नागरिक’ ही अट होती, आणि २००६ साली तिसऱ्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या एका गटासाठी असलेल्या, संघीय अपील न्यायालयाने ‘ली विरुद्ध मिनर’ या प्रकरणात ती रद्द ठरवली होती. तो अर्जदार न्यू यॉर्कचा होता आणि त्याला कर्जदारांची फसवणूक केल्याचा आरोप असलेल्या एका मोठ्या वित्तसंस्थेशी झालेल्या तडजोडीबाबत डेलावेअरचे कागद हवे होते. असंख्य कंपन्यांची कायदेशीर नोंदणी डेलावेअरमध्ये असल्याने त्या राज्याचे निर्णय देशभर परिणाम करतात, तेव्हा राष्ट्रीय महत्त्वाच्या राजकीय व आर्थिक प्रश्नांत सहभागी होण्याचा हक्क बाहेरच्या नागरिकालाही आहे, असा त्या न्यायालयाचा विचार होता. व्हर्जिनियाच्या प्रकरणात जिल्हा न्यायालयाने आणि २०१२ साली चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने उलट भूमिका घेतली. एकाच प्रश्नावर दोन अपील न्यायालयांची दोन मते झाल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाला त्यात लक्ष घालावे लागले.

२० फेब्रुवारी २०१३ रोजी सुनावणी झाली आणि २९ एप्रिल २०१३ रोजी निकाल आला. तो एकमताचा होता. न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी तो लिहिला, तर न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी वेगळी छोटी टीप जोडून वाणिज्य कलमाच्या या ‘सुप्त’ अर्थाला घटनेच्या मजकुरात आधारच नाही, हे आपले जुने मत पुन्हा नोंदवले.

न्यायालयाने विशेषाधिकार कलमाखालील तक्रार चार भागांत पाहिली: उपजीविकेचा हक्क, मालमत्ता बाळगण्याचा व हस्तांतरित करण्याचा हक्क, न्यायालयाचे दार ठोठावण्याचा हक्क आणि सार्वजनिक माहितीचा हक्क. पहिल्या भागाचे उत्तर समजून घ्यायचे तर १९४८ चा एक जुना निवाडा आठवावा लागतो. साउथ कॅरोलायनाने कोळंबी पकडणाऱ्या स्थानिक होडीला २५ डॉलर आणि परराज्यातील होडीला २,५०० डॉलर परवाना शुल्क लावले होते. शंभरपट. न्यायालयाने ते रद्द केले, कारण परक्या कोळ्यांना धंद्यातून उठवणे हाच त्या शुल्काचा हेतू उघड दिसत होता. याउलट १९७८ च्या एका प्रकरणात माँटानाने एल्क हरणाच्या शिकारीच्या संयुक्त परवान्यासाठी रहिवाशांकडून ३० आणि बाहेरच्यांकडून २२५ डॉलर घेतले, ते मात्र न्यायालयाने चालवून घेतले, कारण हौशी शिकार ही काही मूलभूत बाब नव्हे. व्हर्जिनियाचा कायदा स्थानिक धंदेवाल्यांना संरक्षण देण्यासाठी केलेलाच नाही, परराज्यातील नोंद-व्यावसायिकाला बसणारा फटका अनुषंगिक आहे, असे म्हणून न्यायालयाने या प्रकरणाला कोळंबीपासून दूर ठेवले.

मालमत्तेच्या मुद्द्यावर उत्तर असे की जमिनीचे दस्तऐवज व्हर्जिनियाच्या स्थानिक न्यायालयाच्या (त्यालाही तेथे ‘सर्किट न्यायालय’च म्हणतात) लिपिकाकडे असतात आणि ते कोणालाही खुले आहेत. कर-निर्धारणाच्या नोंदी तर बहुतेक ठिकाणी इंटरनेटवरच आहेत, आणि काही मिनिटे तिथे शोध घ्यायला लावणे हे काही ओझे नव्हे. निकालातला हा भाग मला सर्वांत कमकुवत वाटतो. एका घराची नोंद पडद्यावर वाचता येणे आणि संपूर्ण काउंटीची नोंदवही संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात हातात मिळणे, या दोन गोष्टींत तलाठ्याच्या दप्तरातील एक पान पाहणे आणि सगळे दप्तर उचलून नेणे एवढे अंतर आहे. नोंदींचा धंदा करणाऱ्याला पहिल्याने भागत नाही. ज्याला शेजारच्या भूखंडाचा मालक शोधायचा आहे, त्याच्यापुरते न्यायालयाचे म्हणणे खरे आहे.

निर्वाहखर्चाच्या वादीबद्दल न्यायालयाने दाखवून दिले की वैयक्तिक माहितीबाबतच्या व्हर्जिनियाच्या दुसऱ्या एका कायद्याखाली त्याला स्वतःच्या प्रकरणाची ८० हून अधिक पाने मिळाली होती. ते खरेच आहे. परंतु त्याला मिळाले नाही ते त्याहून महत्त्वाचे होते. त्याच्यासारख्या इतरांच्या अर्जांचे काय झाले आणि विभागाचे सर्वसाधारण धोरण काय, हे त्या ८० पानांत नव्हते. स्वतःची फाइल मिळाली की माणसाला आपल्यावर काय बेतले ते कळते. तसे का बेतले, हे कळायला इतरांच्या फायली लागतात.

शेवटी माहितीचा हक्क. येथे न्यायालयाने स्पष्ट सांगितले की माहिती कायद्यांतून मिळते ती सगळी माहिती मिळवण्याचा घटनात्मक हक्क कोणालाही नाही, व्हर्जिनियाच्या नागरिकालासुद्धा नाही. हे कायदे अलीकडचे आहेत आणि देशाच्या स्थापनेच्या वेळी असा सर्वसाधारण हक्क अस्तित्वातच नव्हता. वाणिज्य कलमाबाबतही सूर तोच. राज्य बाजारपेठ बंद करत नाही, स्वतःच निर्माण केलेली एक सेवा ते आपल्या नागरिकांना देत आहे, आणि ही सेवा राज्याने दिली नसती तर ती कोठेच मिळाली नसती.

मात्र निवासाच्या अटीचे समर्थन करताना न्यायालयाने दिलेली दोन कारणे या प्रकरणाच्या मुळाशी जातात आणि त्यांतले दुसरे सरळ शुल्काशी येऊन भिडते. पहिले कारण उत्तरदायित्वाचे. राज्याची सत्ता ज्यांच्याकडून येते त्या नागरिकांनी आपल्या अधिकाऱ्यांकडून हिशेब मागण्याचे साधन म्हणजे हा कायदा, तेव्हा तो त्यांच्यापुरता असला तर नवल नाही. दुसरे कारण खर्चाचे. नोंदी ठेवण्याच्या यंत्रणेचा स्थिर खर्च व्हर्जिनियाचे करदाते उचलतात, म्हणून तिचा लाभही त्यांनाच.

आता व्हर्जिनियाच्या शुल्काचे नियम पाहू. नोंदी शोधणे, काढणे, त्यांच्या प्रती करणे आणि त्या पुरवणे यासाठी कार्यालय वाजवी आकार लावू शकते, मात्र तो प्रत्यक्ष खर्चापेक्षा अधिक नसावा. अर्जदाराला आधी अंदाजपत्रक मागता येते. खर्च २०० डॉलरच्या वर जाईल असे दिसले तर कार्यालय आगाऊ रक्कम मागू शकते. उत्तराची मुदत कामकाजाचे ५ दिवस, आणि शक्य नसेल तर आणखी ७ दिवस. म्हणजे एका अर्जामुळे जो जादा खर्च होतो तो अर्जदाराकडून वसूल होतोच. उरतो तो स्थिर खर्च, म्हणजे इमारत, कपाटे, सर्व्हर आणि कर्मचाऱ्यांचे पगार. कॅलिफोर्नियाहून एक अर्ज आला म्हणून त्यात एका डॉलरचीही भर पडत नाही. शिवाय करदाता आणि नागरिक हे एकच नव्हेत. हेनरायकोत भाड्याची १० घरे असलेला आणि दरवर्षी त्यांचा कर भरणारा मेरीलँडचा मालक अटीच्या बाहेर पडतो, तर कालच व्हर्जिनियाच्या राजधानीत, रिचमंडमध्ये, राहायला आलेला आणि अजून एक सेंटही न भरलेला अमेरिकी नागरिक आत येतो. खर्चाचा मुद्दा मनापासून असता तर बाहेरच्यांना थोडे अधिक शुल्क लावून तो सुटला असता. राज्याने शुल्काचा दरवाजा न लावता सरळ भिंत बांधली. कायद्याच्या दृष्टीने न्यायालयाचा निकाल टिकणारा आहे, असे मलाही वाटते. धोरण म्हणून व्हर्जिनियाची अट आपल्याच कारणांना पुरी पडत नाही, हे माझे म्हणणे.

भिंत नसलेल्या राज्यांत सगळे सुरळीत आहे, असे मात्र कोणी समजू नये. फ्लोरिडाच्या राज्यघटनेने हा हक्क ‘प्रत्येक व्यक्तीला’ दिला आहे. एकपाठी प्रतीला १५ सेंट आणि पाठपोट प्रतीला २० सेंट, असा दर आहे. ६०० पानांचे ९० डॉलर होतात, ते परवडणारे आहे. परंतु काम फार वेळ खाणारे असेल तर कर्मचाऱ्याच्या वेळेचा वेगळा आकार लावता येतो, आणि तो पानांच्या दराला केव्हाच मागे टाकतो. टेनेसीत याउलट व्हर्जिनियासारखीच भिंत आहे, ‘या राज्याचा कोणीही नागरिक’ अशी अट, पण भिंतीच्या आतल्यांसाठी शुल्काचे नियम ठरलेले आहेत. पाहणे फुकट, काळ्या-पांढऱ्या प्रतीला १५ सेंट, रंगीत प्रतीला ५० सेंट, आणि प्रती काढण्याच्या श्रमाचा पहिला तास विनामूल्य. कॅलिफोर्नियात निवासाची अट नाही, तरी तेथील हेवर्ड शहराने पोलिसांच्या अंगावरील कॅमेऱ्यांचे चित्रण देताना त्यातील गोपनीय भाग वगळण्याच्या श्रमासाठी वकिलांच्या एका संघटनेकडून ३,००० डॉलरहून अधिक रक्कम घेतली. ती आकारणी बेकायदेशीर असल्याचे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले. पैसे भरू शकणारी आणि खटला लढवू शकणारी संघटना होती म्हणून हा प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचला. अंदाजपत्रकातला आकडा पाहून अर्ज मागे घेणाऱ्या माणसाचा खटला होत नाही.

निवासाच्या भिंतीचे आणखी एक वैशिष्ट्य असे की ती सराईत माणसाला अडवत नाही. माहितीचे अर्ज करून देणाऱ्या मकरॉकसारख्या संस्था अशा राज्यांत तेथील रहिवाशाच्या नावाने अर्ज करतात. कंपन्यांना स्थानिक वकील मिळतो. राष्ट्रीय वृत्तपत्राचा राज्यात खप असतो. अडतो तो एकटा माणूस, ऱ्होड आयलंडच्या त्या बापासारखा, ज्याचे काम नेमके त्याच कार्यालयात अडकलेले असते. कागद मात्र तेच बाहेर जातात, केवळ अर्जावरचे नाव बदलते.

आपल्याकडे हा प्रश्न अगदीच अपरिचित नव्हता. २००५ चा केंद्रीय माहिती अधिकार कायदा ‘सर्व नागरिकांना’ हक्क देतो आणि त्यात राज्याच्या सीमेचा अडसर नाही. कोल्हापूरचा माणूस आसामच्या खात्याला अर्ज करू शकतो. जम्मू-काश्मीरला मात्र तो कायदा लागू नव्हता आणि त्या राज्याच्या २००९ च्या स्वतंत्र कायद्यात हा हक्क ‘राज्यात राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला’ होता. म्हणजे व्हर्जिनियासारखीच भिंत, फक्त नागरिकत्वाऐवजी निवासाच्या शब्दांत. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी राज्याची पुनर्रचना झाली, तो कायदा गेला आणि भिंतही गेली. शुल्काची भिंत आपल्याकडे अधिक सवयीची आहे. अर्जाला १० रुपये आणि पानाला २ रुपये हा केंद्राचा दर असताना अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या नियमांत अर्जामागे ५०० रुपये होते. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अर्जाचे शुल्क सर्वसाधारणपणे ५० रुपयांहून आणि प्रतीचा दर पानामागे ५ रुपयांहून अधिक नसावा, आणि अर्जदाराला हेतू विचारू नये.

अमेरिकेत २०१३ नंतरचे चित्र एकसारखे नाही. निकालाने निवासाची अट घटनाबाह्य नाही एवढेच ठरवले, ती घालायलाच हवी असे म्हटले नाही. न्यू जर्सीच्या कायद्यातही ‘या राज्याचे नागरिक’ हे शब्द आहेत, तरी २०१८ मध्ये तेथील अपील न्यायालयाने कायद्याच्या एकूण रचनेवरून बाहेरच्यांनाही अर्ज करता येतो, असा अर्थ लावला. व्हर्जिनियाचे कलम मात्र कायम राहिले. बाहेरच्याला माहिती देऊ नये असे ते म्हणत नाही, ती द्यावीच लागेल असे म्हणत नाही. त्यामुळे एखादे कार्यालय सौजन्याने कागद देते, दुसरे कलमावर बोट ठेवते.

व्हर्जिनियातील मालमत्ता कराचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या एखाद्या संशोधक विद्यार्थिनीने आज हे कागद मिळवायचे ठरवले, तर तिला आधी काउंटीच्या संकेतस्थळावर जे फुकट मिळते ते उतरवून घ्यावे लागेल, मग कार्यालयाला साधे विनंतीपत्र पाठवून पाहावे लागेल. नकार आला तर रिचमंडमध्ये राहणारा एखादा ओळखीचा नागरिक गाठायचा. अर्जावर नाव त्याचे, पत्ता त्याचा. अंदाजपत्रक त्याच्याच पत्त्यावर येईल, आणि आकडा २०० डॉलरच्या वर गेला तर आगाऊ रक्कम भरण्याचा तगादाही त्यालाच लागेल.